नाटक शिकायचंय? आधी खोलीचं भाडं विचारा

पोरगं ‘नाटक शिकायचंय’ म्हणालं, की केज-माजलगावकडच्या घरांत पहिली चौकशी फीची होते. खरं तर सरकारी विद्यापीठातल्या नाट्यशास्त्राची फी हा हिशेबातला सगळ्यांत लहान आकडा. पैसा खातं ते राहणं, जेवण आणि प्रयोग.

वाट मळलेली आहे. केज तालुक्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकले, तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि 2013 मध्ये त्याच विद्यालयाचे संचालक झाले. माजलगावचे संदीप पाठक आज ज्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे एकट्याने प्रयोग करतात, त्याचे कर्ते लक्ष्मण देशपांडे याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे.

स्वस्तातला मार्ग असा : पदवी बीड, अंबाजोगाई किंवा परळीतच करा, विषय कोणताही. नाटक युवक महोत्सवात करा. तिथली एकांकिका 30 मिनिटांची असते आणि तिचा खर्च कॉलेजने करायचा असतो. नेपथ्याच्या लेव्हल, भाड्याचे कपडे, रंगभूषाकार, संगीत, टेम्पो असं धरून साधी एकांकिका 15 ते 25 हजारांत बसते. दिग्दर्शक बाहेरून आणला तर त्याचं मानधन आणि जाणं-येणं वेगळं. लेखकाचं मानधन आणि परवानगीही विसरू नका. किती रक्कम मिळणार हे तालमी सुरू होण्याआधी सांस्कृतिक विभागाकडून लेखी घ्या आणि चहाचं बिलसुद्धा जपून ठेवा. नाहीतर शेवटी पोरं वर्गणी काढतात, आणि ज्याच्याकडे वर्गणी नाही तो गुपचूप तालमीला यायचा बंद होतो. दोन खुर्च्यांत होणारी संहिता निवडली तर निम्मा खर्च तिथेच वाचतो. परीक्षक प्लायवूडला गुण देत नाहीत.

पदवीनंतर नाट्यशास्त्रासाठी छत्रपती संभाजीनगरचं हेच विद्यापीठ. कॉट बेसिसवर खोली 2,000 च्या आसपास, दोन वेळची मेस 3,000, वर मोबाइल, रिक्षा, झेरॉक्स : महिना 6 ते 7 हजार धरा. खोलीचं डिपॉझिट वेगळं. बीडहून एसटीच्या साध्या बसला एका वेळचे सव्वादोनशे लागतात, मुलींना निम्मे. विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर लागला तर हा हिशेब बराच हलका होतो, म्हणून प्रवेशाबरोबरच तो अर्ज भरा. सत्राअखेरच्या नाट्यनिर्मितीला विद्यार्थ्याच्या खिशातून किती जातात, हे मात्र कार्यालयात विचारू नका. मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा.

आता सरकारी पैसा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला 51,000 रुपये मिळतात. उत्पन्नाची अट अडीच लाखांची. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्यांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. पण हे पैसे उशिरा येतात. पहिल्या चार-पाच महिन्यांची सोय घरूनच करावी लागते. आणि हजेरी सांभाळा. मालिकेत दोन दिवसांचं काम मिळालं म्हणून वर्ग बुडवायचे आणि मग शिष्यवृत्ती अडकली म्हणून रडायचं, यात दोन्हीकडून नुकसान.

‘तीन महिन्यांत अभिनेता’ म्हणणाऱ्या खाजगी ॲकॅडमींकडे जाण्याआधी एवढंच बघा : शेवटी हातात पडणारा कागद विद्यापीठाचा आहे का? बहुतेक वेळा नसतो, आणि अशा वर्गाला शिष्यवृत्तीही लागू होत नाही.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं गणित उलटं आहे. जागा मोजक्या, पण निवड झाली तर तीन वर्षं दरमहा शिष्यवृत्ती तेच देतात. तिथे पदवी लागते आणि नाटकांतल्या कामाचा पुरावा. म्हणून महोत्सवाची प्रमाणपत्रं, प्रयोगाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं पहिल्या वर्षापासून एका फायलीत लावा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखलाही त्यातच ठेवा. निकाल लागला की सेतूवर रांग वाढते, त्याआधी काढून घ्या.