पडदा फिरलाय, हे विचारायचं कुणाला?

प्रश्न : डीटीपीच्या कामासाठी मी मॉनिटर उभा करून वापरतो. पडदा आडवा की उभा हे ओळखून टूलबारची मांडणी बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. घरी तो बरोबर चालतो. ऑफिसातल्या जुन्या एक्सपीच्या मशीनवर मात्र पडदा समोर उभा दिसत असताना ‘फिरवलेला नाही’ असं सांगतो. प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी वेगळा कोड लिहावा लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात लिहू नका. नवा ड्रायव्हर आला की ते काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

विंडोजमध्ये पडद्याच्या सेटिंग्जची एक नोंद असते, तिला ‘डेव्हमोड’ म्हणतात. एक्सपीपासून तिच्यात दिशेचा रकाना आहे. त्यात ०, १, २ किंवा ३ असतं, म्हणजे अनुक्रमे ०, ९०, १८० आणि २७० अंश. रकाना विंडोजचा असला तरी तो भरणार ड्रायव्हर, आणि घोळ तिथेच व्हायचा. त्या काळात काही कार्डांबरोबर पडदा फिरवणारं स्वतंत्र सॉफ्टवेअर यायचं. ते चित्र परस्पर फिरवायचं आणि विंडोजला सांगायचं, ‘हा घ्या ७६८ बाय १०२४चा साधा पडदा.’ मग दिशेच्या रकान्यात शून्यच राहणार. तुमच्या ऑफिसात बहुधा हेच होतंय. २००७ साली व्हिस्टाबरोबर ड्रायव्हरचा नवा साचा आला, त्यात फिरवण्याची बाब रीतसर समाविष्ट झाली आणि हा गोंधळ बराच निवळला.

पण मला वाटतं, तुम्ही विचारताय तोच प्रश्न तुमच्या कामाचा नाही. टूलबार कुठे ठेवायचा हे ठरवायला पडदा किती अंशांत फिरलाय हे कशाला हवं? रुंदी आणि उंची यांची तुलना करा. उंची जास्त तर उभा. हे उत्तर जुन्या ड्रायव्हरवरही बरोबर येईल, कारण आकार कुणालाच लपवता येत नाही.

खरा कोन लागतो तो वेगळ्या कामांना. पडदा १८० अंशांत उलटा केला तर रुंदी-उंची जशीच्या तशी राहते. पडदा बदलला की विंडोज प्रोग्रॅमला जो निरोप धाडतं, त्यातही नवी रुंदी, उंची आणि रंगांचे बिट एवढंच असतं, दिशा नसते. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. विंडोज ८पासून मिळालेली डेस्कटॉप डुप्लिकेशनची सोय चित्र न फिरवता हातात देते, ते सरळ करून घेणं आपल्याकडे. अशा वेळी दिशेचा रकाना वाचायलाच हवा.

शिवाय ‘फिरवलेला’ म्हणजे ‘उभा’ असंही नाही. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र घ्या. त्याचा पडदा समोर आडवा दिसतो, पण आतलं पॅनेल मुळात ८०० बाय १२८०चं, म्हणजे उभं आहे. तिथे आडवं चित्र दिसायला ते फिरवावंच लागतं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तर असं पॅनेल असलेल्या यंत्रांची नावनिशीवार यादीच ठेवलेली आहे. मोठमोठ्या प्रोग्रॅमरनाही यादीवाचून सुटका नाही, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

कोन हवाच असेल तर प्राथमिक पडद्याला विचारून थांबू नका. प्रोग्रॅमची खिडकी ज्या मॉनिटरवर आहे त्याचं नाव आधी घ्या आणि ‘एनम डिस्प्ले सेटिंग्ज ईएक्स’ला त्याच नावाने सध्याची सेटिंग्ज विचारा. डॉटनेटमध्ये ‘स्क्रीन ओरिएंटेशन’ ही तयार सोय आहे, पण तिला कुठला मॉनिटर हे सांगताच येत नाही, त्यामुळे दोन पडदे असले की ती बिनकामाची. डेव्हमोड हाती आला की त्यातलं ‘डीएम फील्ड्स’ तपासा. कुठले रकाने खरोखर भरलेत ते तिथे कळतं. दिशेचा बिट नसेल तर रकान्यातल्या शून्यावर विश्वास ठेवू नका, रुंदी-उंचीकडे वळा.

आकड्यांचीही एक खोच आहे. डेव्हमोडमध्ये ९० अंशांना १ म्हणतात. डायरेक्टएक्सच्या डीएक्सजीआयमध्ये १ म्हणजे ‘न फिरवलेला’ आणि ९० अंशांना २. एकीकडचा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा टाकला तर पडदा चुकीच्या दिशेचा ठरतो आणि दोष मात्र ड्रायव्हरला जातो. पुढेमागे प्रोग्रॅम लिनक्सवर न्यायचा असेल तर हेही लिहून ठेवा : विंडोज अंश घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतं, तिथली पडदा सांभाळणारी ‘वेलँड’ ही व्यवस्था उलट दिशेने.