डीपीएफचा दिवा विझत नाही

प्रश्न : जुनी बीएस-६ डिझेल पिकअप घेतली. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागतो, गाडी ओढत नाही. गॅरेजवाले म्हणतात, फिल्टर काढून टाका. काढू का?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : मुळीच नाही. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी तुमच्याच गावातल्या पोरांच्या छातीत जाईल. शेत ते बाजार एवढ्याच फेऱ्यांत फिल्टर पुरता तापत नाही. काजळी जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात. हायवेवर वीसेक मिनिटे एका लयीत पळवा, मध्येच इंजिन बंद करू नका. तरी दिवा राहिला, तर स्कॅनर लावून घ्या. प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या आधी पाहायला सांगा; त्या चिरल्या तरी हाच दिवा लागतो. ऑइल मात्र कमी राखेचे, मॅन्युअलमध्ये दिलेलेच घाला.