गावाचे नाव, माणसाचे नाव

मुलांनो, तुमच्या वर्गात कोणी सातारकर किंवा नागपूरकर आहे का? त्यांच्या पूर्वजांचे गाव ओळखायला वेळ लागत नाही. गावाच्या नावाला ‘कर’ जोडले, की आडनाव तयार! गोव्यातील मंगेशी गावावरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले.

इंग्रजांच्या आडनावात ‘कर’ नसतो. गावाचे नावच पुष्कळदा आडनाव होते. इंग्लंडच्या ईशान्य भागात वॉशिंग्टन नावाचे जुने गाव आहे. वास्सा नावाच्या माणसाच्या लोकांची वाडी, असा त्या नावाचा मूळ अर्थ मानतात. बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक सरदार तेथे राहायला आला. त्याने जुने नाव सोडून गावाचे नाव घेतले. पुढे त्याचे काही वंशज समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. गाव मागे राहिले, नाव बरोबर गेले! त्याच घराण्यातील जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या नावाचे वॉशिंग्टन राज्य १८८९ साली अमेरिकेत सामील झाले.

या राज्यात बॉथेल हे शहर आहे. येथे मात्र उलटी गंमत. डेव्हिड बॉथेल यांच्या कुटुंबाच्या आडनावावरून शहराला नाव मिळाले.

आज बॉथेलमध्ये मराठी माणसेही राहतात. समजा, तेथील शाळेत एक छोटी सातारकर आहे. बाई विचारतात, “तुझ्या आडनावाचा अर्थ काय?” तिने सातारा अजून पाहिलेला नाही. ती काय सांगेल बरे?