कुत्र्याच्या नखाची सूज : एक्स-रे काय सांगतो?

वस्तीतला कुत्रा लंगडू लागला की आपण म्हणतो, काच लागली असेल. हळद लावतो, पट्टी बांधतो. बहुतेकदा तेवढ्याने भागतेही. पण एकाच बोटाची सूज औषधाने उतरत नसेल, नख वाकडे होत असेल किंवा गळून पडले असेल, तर नखाच्या मुळाशी गाठ असू शकते. वय झालेल्या, मोठ्या अंगाच्या आणि काळ्या केसांच्या कुत्र्यांत ती जास्त आढळते.

यातला नेहमीचा प्रकार म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, हा त्वचेच्या पेशींचा कर्करोग. दुसरा मेलानोमा, रंगद्रव्याच्या पेशींचा.

नख बोटाच्या शेवटच्या हाडालाच धरून वाढते. म्हणून गाठ लवकर हाडात शिरते आणि एक्स-रेत दिसते. निरोगी हाड पांढरे, टोकदार, स्वच्छ कडांचे असते. गाठीने खाल्लेले हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखे दिसते. कधी टोकच नाहीसे झालेले असते. बोटे एकमेकांवर आली तर हे कळत नाही. म्हणून बोटे वेगळी करून, दोन बाजूंनी एक्स-रे काढावा आणि दुसऱ्या पायाच्या त्याच बोटाशी ताडून पाहावा.

दोन गोष्टी लक्षात ठेवू. जुना जंतुसंसर्गही हाड खातो, म्हणून केवळ एक्स-रेवरून कर्करोग म्हणता येत नाही. तुकडा तपासावाच लागतो. उलट, हाड शाबूत दिसले म्हणून निर्धास्तही राहू नये. मेलानोमात पुष्कळदा हाड खराब झालेले नसते, पण तो फुप्फुसात पसरू शकतो. म्हणून छातीचाही एक्स-रे काढतात.

उपचार म्हणजे बहुधा ते बोट काढणे. ऐकून जीव हळहळतो, पण एक बोट गेलेला कुत्रा चांगला चालतो. उशीर मात्र महागात पडतो.

घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. ती कुत्र्याला घातक ठरू शकतात. दुखरा पाय पाहताना मायेचा कुत्राही चावतो, तेव्हा आधी तोंड कापडी पट्टीने हलकेच बांधा आणि काम झाले की लगेच सोडा. ही गाठ माणसाला लागत नाही, मुलांना घाबरवू नका.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक्स-रे नसेल, तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा मुंबई, नागपूर, परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही. ते आपणच पाहायचे.