माती खाणारं मूल

प्रश्न : माझी अडीच वर्षांची मुलगी अंगणातली माती आणि भिंतीचे पोपडे खाते. रागावलं तरी ऐकत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तिला मारू नका, हा हट्ट नव्हे. यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते ११ ग्रॅमपेक्षा कमी आलं, तर डॉक्टर लोहाचं औषध देतील. ते दुधासोबत देऊ नका. दिवसभर बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांना जेवणाची भूकच उरत नाही, आणि दुधात लोह नगण्य. मातीतून जंत होतात, त्याचंही औषध विचारा.

मला जास्त काळजी पोपड्यांची वाटते. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते मेंदूला घातक. भिंत कोरडी खरवडू नका, धूळ उडते; तूर्त तिथे कपाट सरकवा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.