पेन्शनचा भार कोणाच्या खांद्यावर?

गडमुडशिंगीसारख्या गांवांत पेन्शन हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. एखादे गुरुजी किंवा तलाठी भाऊसाहेब निवृत्त झाले म्हणजे 'आतां त्यांना कसली काळजी, पेन्शन आहे' असें शेजारीपाजारी सहज बोलून जातात, आणि मुलीसाठीं स्थळ पाहतांना मुलाची नोकरी पेन्शनची आहे कीं नाहीं याची विचारपूस होतेच होते. परंतु हे पैसे येतात कोठून, ते प्रत्यक्ष देतो कोण, आणि आज जो तरुण कामाला लागत आहे त्याच्या वांट्याला तें सुख तसेंच येईल काय, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आणखी आठदहा वर्षांनीं तुम्हीच कमावते व्हाल आणि मग या प्रश्नाशीं तुमची प्रत्यक्ष गांठ पडेल. म्हणून त्याचा विचार आजच करूं. वडील मंडळींनींहि तो मुलांबरोबर बसून करावा.

हा शब्द आपल्याकडे रुळला तो इंग्रजी अमलाबरोबर. १८१८ सालीं दुसरे बाजीराव शरण गेले तेव्हां कंपनी सरकारनें त्यांस सालिना ८ लाख रुपयांची पेन्शन बांधून दिली व ते कानपूरजवळ बिठूर येथें जाऊन राहिले. १८५१ मध्यें ते वारले, आणि त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांस ती पेन्शन पुढें चालविण्याचें कंपनीनें साफ नाकारलें. पुढचा इतिहास तुम्हांस ठाऊक आहे. देणाऱ्याची मर्जी असेतोंवर जें मिळतें तें बक्षीस होय. त्यास हक्क म्हणतां येत नाहीं. नोकरांच्या पेन्शनबाबत हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत स्पष्ट केला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्यासह पांच न्यायमूर्तींच्या पीठानें सांगितलें कीं पेन्शन ही धन्याची मेहरबानी नव्हे. ती केलेल्या सेवेचाच मोबदला आहे. सरकारनें ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून त्यापूर्वीं निवृत्त झालेल्यांना सुधारलेल्या पेन्शनपासून वगळलें होतें. ती तारखेची भिंत न्यायालयानें पाडून टाकली. ही भिंत ध्यानांत ठेवा. पुढें दुसरी एक येणार आहे.

आतां जुन्या पेन्शनचा हिशेब पाहूं. समजा, एका शिक्षकाचें निवृत्तीच्या वेळचें मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. पूर्ण सेवा झाली असेल तर त्यांस निम्में, म्हणजे ३०,००० रुपये, दरमहा मिळूं लागतात. ते ५८ व्या वर्षीं निवृत्त होऊन ८० वर्षें जगले तर २२ वर्षांचे महिने झाले २६४, आणि एकूण रक्कम झाली ७९,२०,००० रुपये. यांत महागाईभत्त्याची वाढ धरलेली नाहीं; शिवाय त्यांच्यामागें पत्नीस कुटुंबपेन्शन मिळते ती निराळीच. या पेन्शनसाठीं त्यांच्या पगारांतून एक रुपयाहि कापलेला नसतो. मग ही रक्कम कोठें सांठविलेली असते? कोठेंच नाहीं! ज्या वर्षीं ती द्यावयाची त्या वर्षीं लोकांनीं भरलेल्या करांतून ती दिली जाते. कालच्या सेवेचें बिल आजचे लोक भरतात आणि आजच्या सेवेचें बिल उद्यांचे लोक भरतील, असा हा व्यवहार आहे.

असल्या व्यवहारांत सर्वांत आधीं येणारा सर्वांत सुखी असतो. अमेरिकेंत १९३५ च्या कायद्यानें वृद्धांसाठीं मासिक पेन्शन सुरू झाली. तिचा पहिला धनादेश जानेवारी १९४० मध्यें आयडा मे फुलर नांवाच्या बाईंस मिळाला. त्यांनीं तीन वर्षांत भरले होते अवघे पावणेपंचवीस डॉलर. बाई १९७५ पर्यंत, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, जगल्या आणि त्यांना एकंदर मिळाले २२,८८८ डॉलर. बाईंनीं कोणास फसविलें असें कोणी म्हणणार नाहीं. पण तो फरक कोणीतरी भरलाच, आणि तो भरणारे त्यांच्यामागून कामाला लागलेले तरुण होते. जोंवर कामकरी पुष्कळ आणि वृद्ध थोडे तोंवर हें ओझें जाणवत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत दर शंभर माणसांत सुमारें दहा माणसें साठीच्या पुढचीं होतीं. हें प्रमाण वाढत आहे, आणि कुटुंबांत मुलें पूर्वींपेक्षां कमी जन्मत आहेत.

या ओझ्याच्या धास्तीनेंच केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांस जुनी पेन्शन बंद केली. नव्या पद्धतींत नोकराच्या पगारांतून शेंकडा १० कापून घ्यावयाचे, सरकारनें आपला वांटा घालावयाचा (तो आरंभीं तितकाच होता, पुढें शेंकडा १४ झाला), आणि ती रक्कम बाजारांत गुंतवावयाची. निवृत्तीच्या दिवशीं जें सांचलें असेल त्यांतून पेन्शन विकत घ्यावयाची. ती किती येईल हें कोणीच सांगत नाहीं. म्हणजे एकाच शाळेंत, एकाच घंटेवर, एकच इयत्ता शिकविणारे दोन शिक्षक. एक ऑक्टोबर २००५ मध्यें लागलेला, दुसरा नोव्हेंबरमध्यें. पहिल्याचें म्हातारपण बांधून दिलेलें, तर दुसऱ्याचें बाजाराच्या चढउतारावर सोडलेलें. खाजगी शाळांतील ज्या शिक्षकांची नेमणूक त्या तारखेपूर्वींची, परंतु शाळेस पूर्ण अनुदान मात्र नंतर मिळालेलें, त्यांचा वाद तर न्यायालयापर्यंत गेला. ही ती दुसरी भिंत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. हा दुसरा शिक्षक स्वतःच्या म्हातारपणासाठीं स्वतः सांठवितो, आणि करांच्या वाटेनें पहिल्याच्या पेन्शनलाहि हातभार लावतो. पद्धत बदलते त्या वेळीं मधल्या पिढीस असें दोनदां भरावें लागतें.

तेव्हां १४ मार्च २०२३ पासून सात दिवस राज्यांतील सरकारी नोकर व शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले यांत नवल कांहींच नव्हतें. नवल घडलें तें आपल्या कोल्हापुरांत. त्याच दिवसांत येथें बेकार सुशिक्षित तरुणांनीं जुन्या पेन्शनच्या विरुद्ध मोर्चा काढला. संपावर गेलेल्यांतहि तरुण होते, आणि त्यांच्या विरुद्ध चालणारेहि तरुणच. एकाचें म्हणणें, 'समान कामास समान म्हातारपण द्या'. दुसऱ्याचें म्हणणें, 'तिजोरी तुमच्या पेन्शनवर रिकामी झाली तर आम्हांस नोकरी कोठून मिळणार?' मला वाटतें, या प्रश्नाची खरी गांठ येथेंच आहे. आपण त्यास म्हातारे विरुद्ध तरुण असें रूप देतों. परंतु अधिक तीव्र विषमता भिंतीच्या आंतील तरुण आणि भिंतीबाहेरील तरुण यांच्यांत आहे.

भिंतीबाहेर कोण आहे तें पाहण्यास फार दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या गोकुळ शिरगांवच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्रींत वितळलेल्या लोखंडापुढें उभा राहणारा कामगार घ्या. १९९५ च्या योजनेप्रमाणें त्याच्या मालकानें भरलेल्या प्रॉव्हिडंट फंडांतून पगाराच्या शेंकडा ८.३३ इतकी रक्कम पेन्शनकडे वळते. पण पगार कितीहि असो, हिशेब होतो तो २०१४ मध्यें ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर. सेवेचीं वर्षें गुणिले पगार भागिले ७० असें सूत्र आहे. ३५ वर्षें धरलीं तरी उत्तर येतें ७,५०० रुपये, आणि त्यावर महागाईभत्ता नाहीं. शेतमजुराचें तर याहून वाईट. अगदीं निराधार वृद्धास श्रावणबाळ योजनेंतून मिळणारें मासिक साहाय्य २०२३ मध्यें वाढवून १,५०० रुपये करण्यांत आलें. हे लोक करच भरीत नाहींत असें कोणी म्हणेल तर त्यानें साबणाच्या वडीवरचा कर कोण भरतो तें सांगावें.

ज्यांना कोणताच आधार नाहीं अशांसाठीं २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. तिचें कोष्टक वर्गांत फळ्यावर मांडण्यासारखें आहे. १८ व्या वर्षीं सुरुवात करणाऱ्यानें दरमहा ४२ रुपये भरले तर साठीनंतर दरमहा १,००० रुपये मिळतात. त्यानें एकंदर भरले २१,१६८ रुपये. चाळिसाव्या वर्षीं येणाऱ्यास तेवढ्याच पेन्शनसाठीं दरमहा २९१ रुपये, म्हणजे एकंदर ६९,८४० रुपये भरावे लागतात. चक्रवाढ व्याज तरुणांच्या बाजूचें आहे हें येथें दिसून येतें. परंतु याच पाटीची दुसरी बाजूहि पाहा. भाववाढ दरसाल शेंकडा ६ धरली तर किंमती बारा वर्षांत दुप्पट होतात. अठरापासून साठपर्यंतच्या ४२ वर्षांत अशा साडेतीन दुपटी बसतात. त्या वेळच्या १,००० रुपयांत आजच्या नव्वदहि रुपयांचा माल यावयाचा नाहीं. जुन्या पेन्शनवाल्यास महागाईभत्ता मिळतो म्हणून त्याचें भागतें. नुसत्या आंकड्यांत बांधलेली पेन्शन म्हणजे बर्फाचा गोळा, हातांत येईपर्यंत विरघळणारा.

मग न्याय कशांत आहे? जुनी पेन्शन जशीच्या तशी परत द्यावी हें मला पटत नाहीं. तसें केलें कीं नोकराच्या पगारांतील कापणी आजच थांबते, सरकारचाहि वांटा वांचतो, आणि दोघेहि खुष होतात. राजस्थाननें २०२२ मध्यें हा मार्ग धरला. बिल येतें तें मागाहून. २००६ सालीं पंचविसाव्या वर्षीं लागलेला नोकर निवृत्त होईल २०३९ मध्यें. आज दहावीच्या बांकावर बसलेला मुलगा तेव्हां तिशीच्या उंबरठ्यावर असेल. त्यास हें कबूल आहे काय असें आज कोणीहि विचारलेलें नाहीं, आणि तें वचन देणारे मंत्री तेव्हां त्या खुर्चींत बसलेले नसतील. उलट, सगळी जोखीम एकट्या नोकराच्या माथीं मारणेंहि न्यायाचें नव्हे. बाजार कोणत्या सालीं कोसळेल हें त्याच्या हातीं नाहीं. पेन्शनचें वचन जरूर द्यावें, पण ज्या वर्षीं सेवा घेतली त्याच वर्षीं त्या वचनापुरता पैसाहि बाजूला काढून ठेवावा, एवढी अट तरुणांनीं घातली तर ती रास्तच म्हणावी लागेल.

या दिशेनें एक पाऊल पडलें आहे. २४ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्र सरकारनें एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली व दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती स्वीकारली. केंद्राच्या योजनेंत पंचवीस वर्षें सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि तिच्यावर महागाईची भरपाई आहे. मात्र नोकराचे शेंकडा १० कापले जातातच, आणि सरकार शेंकडा १८.५ घालतें. यांपैकीं ८.५ एका सामाईक निधींत जातात. बाजार पडला तर भर त्यांतून घालावयाची. तो निधि पुरेल कीं नाहीं हें पुढें दिसेल, पण निदान पेटी ठेवलेली आहे. फौंड्रींतल्या कामगारास मात्र यांतलें कांहींच लागू नाहीं.

ज्यांचे वडील किंवा मोठे भाऊ कारखान्यांत आहेत त्यांनीं या सुटींत घरीं एक काम करावें. त्यांचें प्रॉव्हिडंट फंडाचें पासबुक काढून पेन्शनच्या रकान्यांत किती वर्षांचा भरणा आहे तो मोजावा. दहा वर्षें पुरीं झाल्याखेरीज त्या योजनेची मासिक पेन्शन मिळत नाहीं. नोकरी बदलतांना पुष्कळ तरुण आधींची रक्कम काढून घेतात किंवा जुनी नोंद नव्या नोकरीस जोडतच नाहींत, आणि तीं वर्षें हिशेबांतून गळतात.