दर्याकाठची सहल

'दर्या' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र. कोकणात कोणी 'तो दर्यावर गेला आहे' असे म्हणाले, तर तो मासे धरायला समुद्रात गेला आहे असे समजा. त्याच्या होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात. हा नाखवा म्हणजे तुमचा 'नाखुदा'च! मुरुडजवळच्या समुद्रात 'जंजिरा' नावाचा किल्ला आहे. या नावाचा 'जंजीर' या शब्दाशी संबंध नाही. अरबीतला 'जज़ीरा' म्हणजे बेट, त्यावरून जंजिरा. तेव्हा या किनाऱ्यावर फिरताना ओळखीचे शब्द तुम्हांला जागोजागी भेटतील.

महाराष्ट्राच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे आणि त्याला जवळजवळ समांतर असा सह्याद्री पर्वत आहे. या दोहोंमधली चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण. सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या थोडेच अंतर धावून समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखाशी समुद्राचे पाणी आत शिरते आणि खाडी तयार होते. अशा खाड्या इतक्या आहेत, की किनाऱ्याने सरळ प्रवास करणे सोपे नाही. दाभोळला तर मोटारीसुद्धा फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडावी लागते. मुलांना हाच भाग सर्वांत आवडतो!

मुरुडजवळ फणसाडचे अभयारण्य आहे. पूर्वी तेथे जंजिऱ्याचे नवाब शिकार करीत. आज तेथे शिकारीला बंदी आहे. झाडांवर शेकरू दिसते. ही मोठी, लांब शेपटीची खार आपल्या राज्याचा प्राणी आहे.

तेथून दक्षिणेला हरिहरेश्वर आहे. तेथील डोंगराच्या पायथ्याशी खडकाचे सपाट ओटे दिसतात. ते कोणा गवंड्याने बांधलेले नाहीत. लाटा वर्षानुवर्षे कड्याच्या पायावर आदळत राहिल्या. खडक तुटत गेला आणि खाली ओटा उरला. जवळच्या खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे आहेत. लाटांचे तुषार दगडात मुरतात, पाणी सुकते, मिठाचे कण मागे राहतात आणि ते दगडाला आतून फोडतात. मीठ दगड फोडते, हे ऐकून नवल वाटते. पण ती छिद्रे तेथे जाऊन पाहता येतात.

हे ओटे पाहायचे ते ओहोटीच्या वेळी. भरतीत वाट पाण्याखाली जाते. साधारणपणे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. हा हिशेब चंद्राचा आहे. तुम्ही चांद्रमहिने मोजता, म्हणून तो तुम्हांला लवकर समजेल. ईदचा चाँद दिसतो त्या सुमारास आणि चौदाव्या-पंधराव्या रात्री भरती सर्वांत मोठी असते. तिला 'उधाणाची भरती' म्हणतात. चंद्र अर्धा असतो तेव्हा पाणी कमी चढते, कमी उतरते. त्याला कोळी लोक 'भांग' म्हणतात. पाण्यात पाय बुडवण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारा, "आज भरती केव्हा आहे?" हा प्रश्न विचारण्यात लाज नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते तुमच्याहून थोडेच मोठे होते. वरून शांत दिसणारा समुद्र आतून ओढ घेत असतो. पोहता येते म्हणून त्याच्याशी पैज लावू नये.

हरिहरेश्वराच्या दक्षिणेला सावित्री नदीची खाडी आहे. ती ओलांडली की वेळास गाव जवळच आहे. माझ्या मते अख्ख्या किनाऱ्यावर याहून सुंदर काही नाही. हिवाळ्यात रात्रीच्या अंधारात समुद्री कासवाची मादी वाळूवर येते. मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुन्हा वळून पाहत नाही! पूर्वी लोक ही अंडी खणून नेत. उरली तर कुत्री, कोल्हे खात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती वाचवण्यास सुरुवात केली. अंडी अलगद उचलून किनाऱ्यावरच कुंपण केलेल्या जागी पुन्हा वाळूत पुरतात. सुमारे ५० दिवसांनी तळहातावर मावतील एवढी पिल्ले वाळूतून वर येतात. सकाळी व संध्याकाळी ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. मग पिल्ले आपली आपण चालू लागतात. एखादे उलटते, एखादे पावलांच्या खड्ड्यात अडकते, एखादीला पहिलीच लाट मागे फेकते. तरी सगळी पुन्हा पाण्याकडेच निघतात. त्यांना उजेडाची ओढ असते, म्हणून तेथे विजेरी लावू नका. नाहीतर ती समुद्राकडे पाठ फिरवतील. पाहुण्यांना गावकरी आपल्या घरीच उतरवतात. कासवे वाचली तशी गावाला मिळकतही झाली.

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाची उघडी पठारे आहेत. त्यांना 'सडा' म्हणतात. उन्हाळ्यात तेथे पाय भाजतात, पावसाळ्यात त्याच दगडावर रानफुले उमलतात. फार प्राचीन काळच्या माणसांनी या सड्यांवर हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली आहेत. ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या प्राथमिक यादीत आली. चित्रे पायांखालीच असल्यामुळे ती पाहताना जपून चाला.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. उर्दूत त्याला 'मरजान' किंवा 'मूँगा' म्हणतात. तो दगडासारखा दिसतो. पण लहान लहान जिवांनी तो बांधलेला असतो. त्यावर उभे राहिले तर तो मोडतो.

जून आला की मासेमारी थांबते. होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकतात आणि नाखवे जाळी दुरुस्त करीत बसतात. तेव्हा समुद्राचा नाद सोडा आणि सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला जा. राज्यातील सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत आंबोलीचे नाव आहे. तेथे कड्याकड्यावरून धबधबे कोसळतात आणि धुके इतके दाट असते, की शेजारी उभा असलेला मित्रही दिसत नाही.